हेराक्लिसनं मारलेल्या बायकांची नावं

वंडर वूमन ही ॲमेझॉन, म्हणजे ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायकांच्या जमातीची राजकन्या. तिच्या कॉमिक्समध्ये नवी ॲमेझॉन आली की मी आधी तिचं नाव वाचते, मग चिलखत आणि तलवारीकडे बघते. ग्रीक पुराणांनी या लढवय्या बायकांना इतकं थोडं दिलंय की बहुतेकींचं नावच काय ते उरलंय. राण्यांचीही गत फारशी वेगळी नाही. ॲमेझॉनची राणी हिपॉलिटा हिचा कमरपट्टा आणणं ही हेराक्लिसची, म्हणजे रोमन लोकांच्या हर्क्युलिसची, नववी कामगिरी. प्राचीन ग्रीक लेखक अपोलोडोरसच्या कथेत तो पट्टाही नेतो आणि तिचा जीवही घेतो. पेंथेसिलिया ट्रॉयच्या मदतीला धावते आणि अकिलीसच्या हातून मरते. अँटिओपीला थिसियस अथेन्सला घेऊन जातो. आपल्या जैमिनी अश्वमेधातली स्त्रीराज्याची प्रमिला निदान अर्जुनाशी लग्न करून जिवंत तरी राहते.

राण्यांच्या मागे उभ्या असलेल्या सैनिकांचं काय झालं, ते डायोडोरस सिक्युलस सांगतो. हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला इतिहासकार. त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात हेराक्लिसशी एकेकटीनं लढलेल्या ॲमेझॉनची यादीच आहे. सगळ्यात पुढे आएला, म्हणजे वावटळ. वेगामुळे तिचं हे नाव पडलं होतं, पण समोरचा तिच्याहून चपळ निघाला. दुसरी फिलिपिस, पहिल्याच भिडंतीत पडली. मग प्रोथोई. आव्हान देऊन सात लढाया जिंकलेली ही बाई आठवीत मेली. किलाइनो, युरिबिया आणि फिबी या शिकारीची देवी आर्टेमिसच्या सोबतिणी. यांचे भाले कधी चुकत नसत, ते त्या दिवशी चुकले आणि तिघी खांद्याला खांदा लावून उभ्या असतानाच कापल्या गेल्या. अल्किपीनं कुमारी राहण्याची शपथ घेतली होती. डायोडोरस लिहितो की शपथ तिनं पाळली, जीव मात्र राखता आला नाही. डेयानेरा, अस्टेरिया, मार्पी, टेकमेसा यांना तर एकेक वाक्यही मिळालेलं नाही.

ही यादी मी प्रथम वाचली तेव्हापासून माझं म्हणणं ठरलंय. कॉमिक्सच्या लेखकानं पुराणातून ॲमेझॉनचं नाव उचललं की त्या नावाच्या बाईचं तो काहीतरी देणं लागतो. ते त्यानं फेडावं.

कॉमिक्सचे लेखक-चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी ते फेडलं. 1987 साली त्यांनी वंडर वूमनची कथा पहिल्यापासून मांडली, तेव्हा हेराक्लिस आला, त्यानं दगा केला, सगळ्यांना बेड्या ठोकल्या. पण हिपॉलिटा मेली नाही. ती सुटली, बायकांना घेऊन बेटावर गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या कथेतल्या ॲमेझॉन कोण आहेत? पुरुषांच्या हातून मेलेल्या बायकांचे आत्मे, ज्यांना देवींनी पुन्हा जन्म दिला. डायोडोरसची यादी डोक्यात ठेवून हा भाग वाचताना मला फार भरून येतं. बेटाचं आधीचं ‘पॅराडाइज आयलंड’ हे नाव मागे पडून थेमिस्किरा आलं, तेही पेरेझ यांच्याच काळात. हे काळ्या समुद्राच्या काठावर, थर्मोडोन नदीपाशी ॲमेझॉनची राजधानी म्हणून प्राचीन लेखकांनी सांगितलेलं गाव. तिथे आज तुर्कस्तानातलं तेर्मे आहे.

खुद्द नायिकेच्या, वंडर वूमनच्या डायना या नावाचा गुंताही पेरेझ यांनीच सोडवला. 1941 साली विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी तिला घडवलं ते ग्रीक आणि रोमन दैवतांची सरमिसळ करून. ॲफ्रोडायटीचं सौंदर्य, अथीनाचं शहाणपण, पण ताकद हर्क्युलिसची आणि वेग मर्क्युरीचा. पहिल्या दोघी ग्रीक, पुढच्या दोघांची नावं रोमन. डायना हे नावही रोमच्या शिकारीच्या देवीचं. ग्रीक राणी आपल्या लेकीला रोमन देवीचं नाव का ठेवेल? पेरेझ यांच्या कथेत वंडर वूमनचा साथीदार स्टीव्ह ट्रेव्हर याची आई डायना ट्रेव्हर ही वैमानिक असते. तिचं विमान या बेटावर कोसळतं, ॲमेझॉनच्या बाजूनं लढताना ती प्राण देते, आणि तिची आठवण म्हणून राजकन्येचं नाव डायना ठेवतात. आपल्याकडे गेलेल्या आजीचं नाव नातीला ठेवतात तसंच हे. देवीचं नाव एका माणसामार्फत आलं, म्हणून ते मला जास्त जवळचं वाटतं.

1994 मध्ये विल्यम मेस्नर-लोब्ज आणि माइक डिओडाटो यांनी लाल केसांची आर्टेमिस आणली. ती बाना-मिघडालची, म्हणजे अँटिओपीबरोबर हिपॉलिटापासून फुटून निघालेल्या ॲमेझॉनच्या शाखेची. स्पर्धेत ती डायनाला हरवते आणि वंडर वूमन हे पद घेते. आता आर्टेमिस म्हणजेच ग्रीकांची डायना. एका पदासाठी एकाच देवीची दोन नावं समोरासमोर उभी आहेत! ही निवड मला फार आवडते, कारण कथेत एक अक्षर न बोलता ती सांगून जाते की या दोघी वैरिणी असल्या तरी मुळात एकच आहेत.

काही नावांवर मात्र माझा आक्षेप आहे. पेरेझ यांच्याच कथेत राणीची सेनापती फिलिपस आहे. सावळी, करारी, हिपॉलिटाची सगळ्यात विश्वासू. पात्र अप्रतिम, पण फिलिपस हे पुरुषाचं नाव. डायोडोरसकडे फिलिपिस होती ना, पहिल्याच वारात पडलेली! तिचं नाव सेनापतीला मिळालं असतं तर हिशोब किती छान चुकता झाला असता. दुसरी नुबिया. 1973 साली आली, डायनासारखीच मातीतून घडलेली, पण काळ्या मातीतून. नाव इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशाचं. एवढ्या ताकदीच्या बाईला नुसतं मुलखाचं नाव? त्याच मुलखात कुश राज्याची राणी अमानिरेनास होऊन गेली, जिनं ऑगस्टसच्या रोमन फौजेशी युद्ध केलं. पुढे 2021 मध्ये नुबिया थेमिस्किराची राणी झाली हे उत्तमच झालं. पण नावाची कसर राहिलीच.

अस्टेरियाला मात्र न्याय मिळाला, तोही सिनेमात. 2020 च्या ‘वंडर वूमन 1984’ मध्ये अस्टेरिया ही बाकीच्या सगळ्या सुटाव्यात म्हणून एकटी मागे थांबलेली योद्धा आहे. सोनेरी चिलखत तिचंच. शेवटी ती आपल्यातच जिवंत असल्याचं दिसतं, आणि ती भूमिका कुणाची, तर सत्तरच्या दशकात टीव्हीवर वंडर वूमन झालेल्या लिंडा कार्टरची. डायोडोरसनं जिला मेलेल्यांच्या रांगेत नुसतं नावापुरतं उभं केलं होतं, ती ही.

माझी भाची नववीत आहे आणि स्वतः कॉमिक्स काढते. परवा ती वही घेऊन आली. “मावशी, माझ्या ॲमेझॉनला नाव दे ना. मी झायरॅक्सा ठेवलंय, पण आईला हसू येतं.” मी डायोडोरसचा तो उतारा काढून दिला. तिनं बोट ठेवत वाचला, अल्किपीपाशी बराच वेळ थांबली, आणि मग म्हणाली, “प्रोथोई. पण सात वेळा कुणाकुणाला हरवलं ते कुठे लिहिलंय?” कुठेच नाही, असं सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. सात लढाया म्हणजे सात अंक. पहिल्या अंकातली ढाल तिनं तिथल्या तिथे काढली. कडेला एकच खाच, कारण अजून एकच विजय झालाय, आणि बाकी कड कोरी, पुढच्या सहा खाचांसाठी.

तिला आणखी नावं हवी होती म्हणून ट्रॉयच्या युद्धावर लिहिणारा ग्रीक कवी क्विंटस याच्या महाकाव्यातल्या पेंथेसिलियाच्या बारा सोबतिणीही दिल्या. त्यातली थर्मोडोसा तिनं प्रोथोईची मैत्रीण म्हणून निवडली, नदीवरून आलेलं नाव म्हणून. सध्या तिच्या कपड्यांवरून आमचा वाद चाललाय. भाचीला सिनेमासारखा चामड्याचा आखूड झगा हवाय. मी म्हणते, ग्रीक कुंभांवर ॲमेझॉन नक्षीदार पट्ट्यांच्या विजारी घालून घोड्यावर बसलेल्या दिसतात. थर्मोडोसाला विजारच घाल.