छेद

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "आत्या, फोर्ड म्हणे एका इलेक्ट्रिक गाडीमागे एक कोटी रुपये घालवते. तू कॉस्टिंगवाली. खरंय का? मी इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग करू की थांबू?"

आकडा खरा आहे. २०२४च्या पहिल्या तिमाहीत फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला १३० कोटी डॉलरचा तोटा झाला आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी गाड्या दिल्या दहा हजारांच्या आसपास. भागाकार केला की गाडीमागे साधारण १ लाख ३० हजार डॉलर येतात. तेव्हाच्या दराने कोटीच्या वरच. पण हा आकडा वाचून लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, की गाडी बनवायला दोन कोटी लागले आणि विकली एका कोटीला, ते साफ चूक आहे. मी भोसरीत एका डाय कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवायच्या, कारखान्यात अठरा वर्षं कॉस्टिंग बघते, म्हणजे कुठल्या भागाला किती खर्च येतो त्याचा हिशेब. असला आकडा दिसला की माझी नजर आधी छेदाकडे जाते. अंश ओरडत असतो, पण गडबड बहुतेक वेळा खाली असते.

आमच्याकडचंच सांगते. २०२२च्या दिवाळीआधी एका स्कूटरवाल्या ग्राहकाची चौकशी आली. मोटर कंट्रोलरची हाउसिंग, म्हणजे बाहेरची पेटी, हवी होती. ॲल्युमिनियमची, पाठीवर उष्णता बाहेर टाकायला बारीक फिन्स, म्हणजे उभ्या पातळ पट्ट्या. कास्टिंगला नाजूक काम, फिन भरली नाही की पीस बाद. डाय (म्हणजे साचा), मशिनिंगला पीस पकडायचे फिक्श्चर आणि मापं तपासायचे गेज मिळून खर्च आला ३६ लाख. ग्राहक म्हणाला, डायचे पैसे वेगळे देणार नाही, पीसच्या दरात घाला. वर्षाला ४० हजार, तीन वर्षं. म्हणजे १ लाख २० हजार पीस, पीसमागे ३० रुपये. हिशेबाची शीट मीच केली. आमच्या साहेबांनी बँकेकडून कर्ज काढलं.

जून २०२३मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रिक दुचाकींची सबसिडी कापली. बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १५ हजार रुपये होते ते १० हजार झाले, आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मिळू शकायचे त्यावर १५ टक्क्यांची मर्यादा आली. स्कूटर महागल्या. आमची मागणी महिन्याला चारशे पीसवर आली, मग एखाद्या महिन्यात शून्य. पहिल्या वर्षात ५,२०० पीस गेले. तीस रुपयांप्रमाणे डायचे वसूल झाले १ लाख ५६ हजार. उरलेले ३४ लाख ४४ हजार कर्जखात्यात बसले आणि त्यांना व्याज लागत राहिलं.

आता सगळा डायखर्च त्या वर्षाच्या माथी मारला तर पीसमागे ६९२ रुपये होतात. ठरले होते तीस! म्हणून आम्ही ती हाउसिंग महागात बनवत होतो का? तर नाही. धातू तेवढाच, वीज तेवढीच, माणसं तीच. (अगदी तेवढंच नाही म्हणा. चारशे पीससाठी डाय चढवायला अर्धी पाळी जाते, आणि डाय तापेपर्यंतचे पहिले पंधरा-वीस शॉट परत भट्टीत. हेच चार हजारांसाठी केलं तर जाणवतही नाही.)

फोर्डचं दुखणं हेच, फक्त शून्यं जास्त. त्यांचा एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक पिकअप. मे २०२१मध्ये दाखवला तेव्हा सुरुवातीची किंमत ४० हजार डॉलरला २६ डॉलर कमी. बुकिंगची झुंबड पाहून कंपनीने डिअरबॉर्नच्या कारखान्याची क्षमता वर्षाला दीड लाखावर न्यायचं ठरवलं. २०२३मध्ये अमेरिकेत विकले गेले २४ हजारांच्या आसपास, २०२४मध्ये ३३ हजारांच्या. दीड लाखाच्या तयारीवर चोवीस हजार. मशीन, साचे, इंजिनिअरांचे पगार, सॉफ्टवेअर हे सगळं दीड लाखांच्या आशेने आधीच खर्ची पडलेलं. त्या तिमाहीच्या तोट्यात तर अजून बाजारात न आलेल्या गाड्यांवरचा खर्चही होता, आणि तो भागला गेला आज विकलेल्या दहा हजारांनी.

बॅटरीचं मात्र असं नाही. ती प्रत्येक गाडीला नवी लागते आणि तिचा दर भागाकाराने पुसता येत नाही. २०२३मध्ये जगभरातली सरासरी किलोवॉट-तासाला १३९ डॉलर होती. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ किलोवॉट-तासांची. म्हणजे त्या सरासरीने नुसती बॅटरी १८ हजार डॉलरची. टाटांच्या टियागोला मोठी म्हणून जी बॅटरी मिळते ती २४ किलोवॉट-तासांची, त्याच दराने तेव्हाचे पावणेतीन लाख रुपये. शिवाय टियागो काय, नेक्सॉन काय, पेट्रोलच्या अंगावरच इलेक्ट्रिक कपडे चढवलेल्या गाड्या. बॉडीचे प्रेस-साचे आधीच होते. लोक याला 'जुगाड' म्हणून हिणवतात, मला कॉस्टिंगवाली म्हणून त्यात शहाणपण दिसतं.

आणि गंमत बघा, फोर्डने गुजरातमधला साणंदचा कारखाना सोडला तो टाटांच्या इलेक्ट्रिक कंपनीने ७२५ कोटी ७० लाखांना घेतला. वर्षाला तीन लाख गाड्यांची क्षमता. फोर्डला तिथेही छेद मिळाला नव्हता.

तोटा भरतं कोण? फोर्डमध्ये व्हॅन आणि ट्रक विकणाऱ्या विभागाने २०२४मध्ये ९०० कोटी डॉलर कमावले, इलेक्ट्रिकने ५०८ कोटी घालवले. आमच्याकडे पेट्रोल मोटरसायकलच्या इंजिनाचं कव्हर आहे. बारा वर्षं जुनी डाय, तिचे पैसे केव्हाच फिटलेले, तीन पाळ्या चालते. त्या कव्हरनेच हाउसिंगचे हप्ते भरले. फरक इतकाच, की फोर्डने डिसेंबर २०२५मध्ये साधारण १,९५० कोटी डॉलरचा फटका जाहीर केला, नुसत्या बॅटरीवर चालणारा लाइटनिंग बंद केला आणि गुंतवणूकदारांना समजावून सांगितलं. आम्ही ग्राहकाला पत्रं लिहिली. चौदा महिन्यांनी नऊ लाख मिळाले, तेही 'पूर्ण व अंतिम' लिहून घेऊन.

ती डाय टूल रूममध्ये मागच्या रॅकवर आहे. गंजू नये म्हणून अधूनमधून तेल लावतात.

भाच्याला मी लिहिलं: कंपनीला परवडत नसताना ती गाडी विकत असेल तर त्यातले थोडे पैसे तुझ्याच खिशात जातायत. घे. बॅटरीच्या वॉरंटीचा कागद मात्र नीट वाच.

गेल्या सोमवारी दुसऱ्या एका ग्राहकाची चौकशी आली. तसलीच हाउसिंग, थोडी मोठी. वार्षिक संख्या ६० हजार लिहिली आहे. मी दोन शीट केल्या. एकीत डाय पीसमध्ये, दुसरीत डायचे पैसे आधी. त्या ग्राहकाच्या परचेसवाल्यांचा फोन आला, "मॅडम, दुसरी कशाला? बाकीचे सगळे पीसमध्ये देतायत." साहेब म्हणाले, पहिलीच पाठवू, नाहीतर काम जाईल. मी त्यांना म्हटलं, पाठवू, पण ६० हजारांच्या जागी १५ हजार टाकून. त्यांनी ती शीट घरी नेली आहे. कोटेशनची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.