लसीनंतरचा ताप: औषधाची बाटली आधी वाचा

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांविरुद्धची एकत्र) लस डाव्या मांडीत देतात. लस दिल्यावर केंद्रातच अर्धा तास थांबा. संध्याकाळपर्यंत अंग तापतं, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. दोनेक दिवसांत हे ओसरतं.

खरी चूक पॅरासिटामॉलच्या, म्हणजे तापाच्या औषधाच्या, मापात होते. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५. म्हणजे थेंब चारपट कडक! सिरपचं माप थेंबांना लावलं तर बाळाला चौपट औषध जातं. डोस वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच.

मांडीवर थंड ओली घडी ठेवा. खोबरेल चोळू नका, शेक नको. गोव्याच्या दमट हवेत दुपट्यात गुंडाळल्यानं ताप वाढतो, पातळ झबलं पुरे. अंगावर वारंवार पाजा.

तीन तास न थांबणारं रडणं किंवा दोन दिवसांपुढचा ताप असेल तर डॉक्टरांकडे न्या. झटके आले, श्वास लागला, बाळ मलूल पडलं तर लगेच १०८.