लायडनचा निरोप

२२ जुलै, रात्री.

१६२० साली याच सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्सहाव्हन बंदरात, ‘स्पीडवेल’ गलबतावर, लायडन शहरातल्या इंग्रज ख्रिस्ती मंडळीचे पाळक जॉन रॉबिन्सन गुडघे टेकून प्रार्थना करत होते. भोवती त्यांची मंडळी, काही अमेरिकेत वसाहत करायला जाणारी, काही पोचवायला आलेली. भरतीची वेळ झाली होती आणि भरती कुणासाठी थांबत नाही. पाळकाचा निरोप म्हटलं की हाच प्रसंग रंगवला जातो. मला त्याच्या आधी लायडनमध्ये केलेले ठराव जास्त मोलाचे वाटतात.

पहिला ठराव पाळकांबद्दलचा. मंडळीतले जास्त लोक निघाले तर पाळक त्यांच्याबरोबर जातील. कमी निघाले तर ते मागे राहतील आणि मंडळीचे वडील (एल्डर) विल्यम ब्रूस्टर जातील. निघाले कमी, म्हणून रॉबिन्सन राहिले. दुसरा ठराव त्याहून शहाणपणाचा. दोन्ही भाग आपापल्या जागी पूर्ण मंडळी मानायचे आणि इकडचा सभासद तिकडे गेला तर सभासदत्वाचं वेगळं पत्र न मागता त्याला सामावून घ्यायचं. एका मंडळीतून दुसरीत जाताना पत्रासाठी किती खेटे पडतात, हे आपल्याकडे पाळकांना आणि पंचांना चांगलं ठाऊक आहे. इथे तो प्रश्न निघण्याआधीच मिटवला होता.

मग उपासाचा दिवस. संदेशाला बायबलमधलं वचन घेतलं एज्रा ८:२१. अहवा नदीकाठी एज्रा उपास जाहीर करतो. आपल्यासाठी, लेकरांसाठी आणि सगळ्या चीजवस्तूंसाठी नीट वाट मागतो. ज्यांच्या घरात पेट्या बांधून तयार आहेत त्यांच्यापुढे लेकरं आणि सामान यांचं नाव घेणारं वचन ठेवणं, ही निवड मंडळीला आतून ओळखणाऱ्या माणसाचीच. नंतर पाळकांच्या मोठ्या घरात जेवण झालं, स्तोत्रं गायली गेली.

रॉबिन्सन यांचा निघणाऱ्यांना केलेला शेवटचा उपदेश त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लो यांनी १६४६ साली, म्हणजे २६ वर्षांनी छापला. देवाच्या वचनातून अजून जास्त सत्य आणि प्रकाश बाहेर पडायचा आहे, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ. पण माझं मन दुसऱ्याच गोष्टीवर अडतं. रॉबिन्सन म्हणाले, मी ख्रिस्ताच्या मागे जितका चाललो तितकंच माझ्या मागे या. दुसरा पाळक मिळाला तर घ्यायला कचरू नका, कारण दोन मेंढपाळ असलेला कळप धोक्यात येत नाही, जास्त सुरक्षित होतो. निघणाऱ्या मंडळीला स्वतःपासून मोकळं करणं फार थोड्या पाळकांना जमतं.

निघणाऱ्यांना लिहिलेलं त्यांचं पत्र इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरात सगळ्यांसमोर वाचलं गेलं. ते निव्वळ व्यवहाराचं आहे. तुमच्यात बरेच जण एकमेकांना अनोळखी, कुणाचं काय उणं हे माहीत नाही, म्हणून राग देऊ नका आणि धरूही नका. नवं घर नीट बसेपर्यंत, सांधे घट्ट होईपर्यंत त्याला हादरे देत नाहीत, तसंच या कामाचं. अधिकारी तुम्हीच निवडणार. भारी कोट बघून मान देऊ नका. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडला, ‘मेफ्लॉवर’ या दुसऱ्या जहाजावर ४१ पुरुषांनी एकत्र राहण्याच्या करारावर सह्या केल्या, त्यामागे हे पत्र होतं असं मला ठामपणे वाटतं.

‘स्पीडवेल’ मात्र पोचलंच नाही. साठ टनांच्या त्या गलबताला झेपणार नाहीत इतक्या मोठ्या डोलकाठ्या बसवल्या होत्या. शिडं ताणली की सांधे उघडत आणि पाणी आत येई. दोनदा परत फिरावं लागलं. अखेर १०२ प्रवासी एकट्या ‘मेफ्लॉवर’वर निघाले, सप्टेंबर उजाडल्यावर. त्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे दगावले.

ठरावांतही एक फट राहिली होती. रॉबिन्सन लवकरच मागून येतील असं सगळ्यांनी धरलं होतं. ब्रूस्टर संदेश उत्तम देत, पण ते दीक्षित पाळक नव्हते. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा त्यांनी द्यावा का, असं विचारल्यावर रॉबिन्सन यांनी डिसेंबर १६२३ मध्ये कळवलं : नाही, ते योग्य नाही. स्वतःच्याच लेकरांना त्यांनी हे उत्तर दिलं, आणि तेही स्वतःचं येणं अडलेलं असताना. पैसा घालणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांपैकी काहींना ते तिकडे नकोच होते. त्याच महिन्यात, वसाहतीच्या लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना मारल्याचं कळल्यावर त्यांनी लिहिलं की मारण्याआधी काहींना तरी ख्रिस्ताकडे आणलं असतं तर किती बरं झालं असतं. समुद्रापलीकडूनही पाळकाचं काम चालूच होतं.

१ मार्च १६२५ रोजी ते लायडनमध्येच वारले. पीटर्सकेर्कमध्ये त्यांना पुरलं. बातमी प्लिमथला, म्हणजे अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतीत, पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. तिथल्या मंडळीला स्वतःचा पाळक मिळाला तो १६२९ साली. तोवर ब्रूस्टर दर रविवारी दोनदा संदेश देत राहिले.