आमची वाटचाल : सत्तर सेंटिमीटरवरची गाठ

भोसरीत आमचं ग्रिल-शटरचं दुकान. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वेल्डिंग मशीनवर सुरू केलेलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बांधकामं थांबली आणि आमचा कटरही थांबला. दिवाळीच्या तोंडावर कोथरूडहून एका निवृत्त वैमानिकांचा फोन आला. घरच्या घरी विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी त्यांना ४३ इंची तीन टीव्ही पेलणारा स्टँड हवा होता, दोन बाजूचे टीव्ही आत वळवलेले. “तुम्ही होर्डिंगच्या चौकटी करता ना? हेही छोटं होर्डिंगच समजा,” म्हणाले. आम्ही तसंच समजलो, आणि तिथंच फसलो.

मापं घ्यायला गेलो तो मी टेप भिंतीला लावला. खोली दहा बाय अकरा. टीव्ही टेबलामागे, खुर्चीवर बसलेल्या माणसापासून मीटरभर लांब, म्हणजे चौकट भरली सात फूट. दीड इंची चौकोनी पाइप, कोपरे गुण्यात, पक्कं वेल्डिंग, वर काळं पावडर कोटिंग. अण्णा खूश होते. टेम्पोतून नेली, जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवली, आणि बेडरूमच्या दाराशी पॅसेजच्या वळणात ती अडकली. उभी केली, आडवी केली, तिरकी केली. शेवटी जिन्यातच कटर लावला. ठिणग्या बघून वरच्या मजल्यावरच्या काकू पाण्याची बादली घेऊन खाली आल्या. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

कापलेले पंख, म्हणजे चौकटीचे दोन बाजूचे भाग, बोल्टनं जोडायचे ठरले. भोकं दोन सूत इकडेतिकडे होत होती, म्हणून लांबट खाचा पाडल्या. झाला नाइलाजच, पण त्यामुळे पंख हलते राहिले, आणि तेच पुढे कामाला आलं.

संध्याकाळी वैमानिक साहेबांनी संगणकावर एक्स-प्लेन ११ हा सिम्युलेटर सुरू केला आणि लोहगावच्या १०-२८ धावपट्टीवरून उडाले. खऱ्या लोहगावात, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, हवाई दलाचा तळ आहे, तिथं हौसेखातर कोण फेऱ्या मारू देणार. इथं कितीही मारा. सर्किट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. उड्डाणानंतर दोनदा डावीकडे वळायचं आणि धावपट्टी डाव्या हाताला समांतर ठेवून उलट्या दिशेनं जायचं, त्याला डाउनविंड म्हणतात. जिथं उतरायचं ती जागा बरोबर खांद्याच्या रेषेत आली की उतरायची तयारी सुरू. आमच्या डाव्या टीव्हीवर ती जागा त्याच्या आधीच कडेला जाऊन गुडुप झाली.

“अहो, मला खांद्यापर्यंत दिसतच नाहीये!”

मी म्हटलं, सर, ५५ इंची टीव्ही घ्या. धंद्याचा माणूस दुसरं काय सांगणार? त्यांनी बिलाच्याच मागे आकडे मांडले. ४३ इंची टीव्ही रुंदीला ९५ सेंटिमीटर. मीटरभर अंतरावरून तो नजरेचे ५१ अंश व्यापतो, तिन्ही मिळून १५३. म्हणजे नाकासमोरून एका बाजूला फक्त ७६, आणि खांदा ९० वर. आता तेच टीव्ही डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर आणा: प्रत्येकी ६८ अंश, एका बाजूला १०२. खांदा आत आला! पंख जास्त वळवावे लागले, पण खाचा होत्याच. शिवाय चौकट सात फुटांवरून साडेपाचावर आली. नवा टीव्ही नाही आणि खोलीही मोकळी झाली. एक मोठी विक्री गेली, तरी मी ते बिल जपून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सुतळीला ७० सेंटिमीटरवर गाठ मारली. एक टोक बसलेल्या माणसाच्या डोळ्याजवळ धरायचं आणि गाठ तिन्ही पडद्यांच्या मध्यावर टेकली पाहिजे. टेकली की पंखांचा कोन आपोआप बरोबर येतो. आजही प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी गिऱ्हाइकाला त्याच्या खुर्चीत बसवतो, मग टेप काढतो.

मायक्रोसॉफ्टचं नवं फ्लाइट सिम्युलेटर त्याच वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये आलं होतं, आणि पुढे त्याची तरुण गिऱ्हाइकं येऊ लागली. त्यात सुरुवातीला एकच दृश्य तीन पडद्यांवर ताणलं जायचं, कडेची धावपट्टी चपातीसारखी लांबायची. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक पडद्याला आपापला कोन देता येतो; तो चुकला तर क्षितिज सांध्यावर मोडतं. लोखंडवाल्याला हे शिकायला वर्ष गेलं.

वायरींनी जास्त छळलं. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला वायर जोडायला बहुतेक वेळा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं, टीव्हीला मात्र सगळी एचडीएमआयच. स्वस्तातले कन्व्हर्टर घेतले आणि फोर-के चित्र सेकंदाला तीसच फ्रेमवर अडकलं. साठ हव्या असतील तर सिग्नल स्वतः बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. टीव्हीचा गेम मोड चालू नसेल तर योक, म्हणजे विमानाचं हँडल, वळवल्यावर विमान मागाहून वळतं. आमच्या एका गिऱ्हाइकानं त्यापायी योकच बदलला होता. आणि तिन्ही टीव्ही एकाच कंपनीचे असले की एक रिमोट तिघांनाही लागू होतो. एक चालू करायला जावं तर दुसरा बंद! सेन्सरवर काळी चिकटपट्टी, यापेक्षा चांगला उपाय अजून सापडला नाही.

उद्यम नोंदणीच्या अर्जात ‘घरातलं कॉकपिट’ कुठं बसवायचं कळेना, शेवटी धातूचं फर्निचर लिहिलं. कर्ज मागायला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी “गेमचं दुकान का?” विचारून फाइल बाजूला सारली. पहिली ॲल्युमिनियम प्रोफाइलची खेप मग आईच्या पाटल्यांवर आली. त्या सोडवल्यात आता.

पायलट व्हायला निघालेली मुलं विचारतात, इथले तास लॉगबुकात धरतात का? नाही धरत. त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेला सिम्युलेटर लागतो. हे पैसे घेण्याआधी सांगतो; ऐकून दोघं-तिघं उठून गेलेही.

सध्या नाशिकची ऑर्डर आहे. ६५ इंची तीन टीव्ही, गिऱ्हाइकानं आधीच घेऊन ठेवलेले, आणि खोली नऊ फुटी. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, “दार किती फुटी?” परवा सुतळी घेऊन जातोय.