आमचा कुठेच न जाणारा रस्ता

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. समोर १८ मीटरचा डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) आहे, कागदावर तो पुढे मोठ्या रस्त्याला मिळतो, प्रत्यक्षात दीडशे पावलं गेलं की द्राक्षबागेच्या कंपाउंडला धडकतो आणि संपतो. पुढची जागा अजून ताब्यात आलेली नाही म्हणे. राहायला आलो तेव्हापासून हे 'म्हणे' ऐकतोय. तोवर या रस्त्यावर काय, तर एक जुनी व्हॅन जिच्या चाकांतून गवत उगवलंय, कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली खडी, आणि कॉलनीतल्या निम्म्या बायका इथेच अॅक्टिव्हा शिकल्या (आमच्या घरची पण, त्याच कंपाउंडला ठोकून).

मागच्या महिन्यात सहज टेप घेऊन मोजलं. एका लेनला ३ ते साडेतीन मीटर पुरतात, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही धरून ७, १८ मधून ७ गेले, राहिले ११ मीटर. दोन्ही कडा मिळून ३६ फूट रुंद पट्टा राव! आणि आम्ही इकडे गार्डन द्या गार्डन द्या म्हणून अर्ज लिहितोय.

मी ग्रुपवर टाकलं की खडी हलवू, कडेला बाकं टाकू, चार कडुनिंब लावू, तर पहिला रिप्लाय, रस्ता गाड्यांसाठी असतो. आता हे दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने म्हटलं असतं तर ठीक होतं, पण नाशिककराने? अहो आपल्या जुन्या गावात रस्त्याच्या मधोमध रहाडी आहेत, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, पेशवेकाळापासूनचे. वर्षभर त्यावर लाकडं टाकून माती लोटलेली असते, वरून रिक्षा, टू-व्हीलर, हातगाड्या सगळं जातं, नवख्या माणसाला पत्ता पण लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. रंगपंचमी जवळ आली की तोच रस्ता उकरायचा, पूजा करायची, फुलं उकळून केलेला रंग ओतायचा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि मग दिवसभर धप्पे, म्हणजे हौदात धपाधप उड्या. तेवढे दिवस गाड्या दुसरीकडून जातात, कुणाचं काही अडत नाही, नंतर परत माती टाकून रस्ता चालू. तिवंधा चौकात उभं राहून बघा एकदा. बुधवारचा बाजार पण बघा गोदाकाठी, सकाळी मोकळी जागा, दुपारी भाजीपाला, रात्री परत मोकळी. आपल्याला हे कुणी शिकवायची गरजच नाहीये, फक्त कॉलनीत राहायला आलो की विसरतो.

न्यूयॉर्कचं सांगितलं की लोक हसतात, तरी सांगतो कारण त्यात एक कामाची गोष्ट आहे. २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला तेव्हा आधी फरशा-बिरशा काही नाही, ड्रम लावले आणि बीचवर असतात तसल्या घडीच्या स्वस्त खुर्च्या टाकल्या, लोक येऊन बसले. पुढच्या वर्षी ते कायम करायचं ठरलं, पक्कं बांधकाम त्याच्याही नंतर. आपल्याकडे उलटं, पहिले टेंडर, मग ग्रॅनाइट, मग कारंजं, मग कारंजं बंद.

ग्रुपवरचे सगळेच आक्षेप फालतू नव्हते हां. अग्निशमनचा बंब आणि टँकर आत आला पाहिजे हे बरोबर, म्हणून मधली ७ मीटर सोडायचीच, तिथे कुंडीसुद्धा नको. पावसाचं पाणी कंपाउंडपाशी तुंबतं, तिकडे बाक टाकून उपयोग नाही. तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं होतं की टवाळ पोरं येऊन बसतील. मी म्हटलं, काकू आत्ता रात्री व्हॅनच्या मागे कोण बसतं? त्यावर काकू दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, दिवा लावणार असाल तर मी संध्याकाळी खुर्ची घेऊन येते. आमच्या अख्ख्या प्लॅनमध्ये यापेक्षा कामाची सूचना कुणी केली नाही. दिवा आणि खुर्चीत काकू, टवाळ पोरं कशाला थांबतात!

खर्च म्हणाल तर आत्तापर्यंत फक्कीची एक पिशवी. गेल्या शनिवारी रात्री आम्ही चौघांनी मिळून खडी एका कोपऱ्यात लोटली (कंबर अजून दुखतेय), फक्कीने ७ मीटरच्या रेघा मारल्या, आणि रविवारी सकाळी ६ ते १० कडेच्या पट्ट्यात गाडी लावू नका असा मेसेज टाकला. साडेसहाला खाली आलो तर रेघेच्या बरोबर आत एक पांढरी अर्टिगा उभी. मालक फोन उचलेना. मी चिडून चकरा मारतोय तोवर पोरं आली, गाडीकडे बघितलं, आणि तिच्या मागच्या बाजूला बॉल लागला तर आउट असं ठरवून मोकळी. साडेसातला मालक स्वतःच पळत खाली आला.