तुम्ही विचारलंत म्हणून: कपड्यांचं ऑस्कर राजेराण्यांनाच का?

सिनेमाच्या कपडेपटात काम करते म्हटलं की ऑस्करच्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. ‘कपड्यांचं बक्षीस दरवर्षी राजेराण्यांच्या नाहीतर परीकथेतल्याच सिनेमाला कसं जातं? साध्या, आजच्या कपड्यांना कधीच का नाही?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: भरजरी काही दिसलं की मतदार भुलतात.

भुलतात, नाही असं नाही. पण ‘कधीच नाही’ हे काही खरं नाही. एके काळी मिळायचं, आणि चांगलं सढळ हाताने मिळायचं.

हे बक्षीस १९४८च्या चित्रपटांपासून सुरू झालं. तेव्हा त्याचे दोन भाग होते, कृष्णधवल आणि रंगीत. रंगीतमध्ये मखमल आणि मुकुटांची गर्दी व्हायची. कृष्णधवलमध्ये मात्र ‘ऑल अबाउट ईव्ह’, ‘अ प्लेस इन द सन’, ‘रोमन हॉलिडे’, ‘सॅब्रिना’, पुढे ‘ला दोल्चे व्हिता’, ‘डार्लिंग’ असे त्या त्या वेळचे अगदी ‘आजचे’ सिनेमे जिंकून गेले. यातल्या पहिल्या चारही पुतळ्यांवर हॉलिवूडच्या वेशभूषाकार एडिथ हेड यांचं नाव आहे. (‘सॅब्रिना’तले ऑड्री हेपबर्नचे पॅरिसहून आल्यानंतरचे कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर जिवांशी यांचे होते, पुतळा एकट्या हेडबाईंना मिळाला. आमच्या धंद्यात हे नवीन नाही.)

१९६६च्या चित्रपटांचा निकाल मला फार आवडतो. रंगीतमध्ये जिंकला ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’, म्हणजे आठव्या हेन्रीचा काळ. कृष्णधवलमध्ये ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’, म्हणजे एका प्राध्यापकाच्या घरात रात्रभर चाललेलं भांडण. एलिझाबेथ टेलरची मार्था पाहुण्यांसमोर मध्येच उठून जाते आणि तंग कपडे घालून परत येते. नवऱ्याला डिवचायचा तिचा बेत ती तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळलेला असतो. आयरीन शॅरफ यांचं हे काम दरबारी झग्यांइतकंच कसबाचं आहे, आणि त्या वर्षी दोन्हींना जागा होती.

पुढच्याच वर्षी दोन्ही भाग एक झाले. कृष्णधवल सिनेमेच उरले नव्हते, त्यामुळे निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण साध्या कपड्यांची जागा त्याबरोबर गेली. पहिल्या चार वर्षांचे विजेते बघा: ‘कॅमलॉट’, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘ॲन ऑफ द थाउजंड डेज’, ‘क्रॉमवेल’. सगळेच जुन्या काळातले.

त्यात मतदानाची रीत अशी की नामांकनं वेशभूषाकार ठरवतात, पण अंतिम मत अकादमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे, सगळेच सदस्य देतात. २००६च्या चित्रपटांत ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ आणि राणीवरचा असूनही आजच्या काळातला ‘द क्वीन’ असे दोन आजचे सिनेमे नामांकनात होते. बक्षीस गेलं फ्रान्सच्या जुन्या राणीवरच्या ‘मारी आंत्वानेत’ला. ध्वनी किंवा संकलनातल्या माणसाला झग्यामागची मेहनत एका नजरेत दिसते. स्वेटरमागची कशी दिसणार?

ती दिसू नये म्हणूनच तर आम्ही राबतो. समजा पात्राचा एक जुना शर्ट हवाय. दुकानातून आणलेला कोरा शर्ट कॅमेऱ्यापुढे ओरडून सांगतो की मी आजच आलोय. मग त्याची खळ जाईपर्यंत धुवायचा, पांढरेपणा मारायला चहाच्या पाण्यात बुडवायचा. कॉलरची घडी आणि कफची कड सँडपेपरने घासायची, पण जिथे माणसाची मान आणि मनगट घासतं तिथेच. सगळीकडे घासलं की नाटकी दिसतं. खिशात जड काहीतरी घालून ओला वाळवायचा, म्हणजे खिसा लोंबतो. आणि पावसाचं किंवा मारामारीचं दृश्य असेल तर असे हुबेहूब चार-पाच शर्ट. प्रेक्षक म्हणतो, ‘घरचाच घातलाय वाटतं.’ आमच्यासाठी ती दाद असते. फक्त तिच्यावर मत पडत नाही.

‘मग भानू अथैयांना कसं मिळालं? गांधींच्या अंगावर होतं काय?’ हा पुढचा प्रश्न. १९८२च्या त्या शर्यतीत ‘ला त्राविआता’ होता, ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ होता, चमचमता ‘ट्रॉन’ होता. जिंकला ‘गांधी’. अथैयांनी जॉन मोलो यांच्यासोबत ते ऑस्कर घेतलं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. या सिनेमात कपडे हीच गोष्ट आहे. १८९३मध्ये आगगाडीतून ढकलला जातो तो सुटाबुटातला बॅरिस्टर. मायदेशी उतरतो तो देशी वेशात. शेवटी उरतो पंचा. शिवाय भोवती अर्ध्या शतकाची गर्दी, आणि त्या गर्दीतला माणूस कुठल्या प्रांताचा, कुठल्या थरातला, हे पटायला हवं. मात्र खरं सांगायचं तर त्या रात्री ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली. अशी लाट आली की कपड्यांचं मतही तिच्याबरोबर जातं. त्याने अथैयांचं काम तसूभरही कमी होत नाही. नुसता कपड्यांचा विचार करून किती मतं पडतात, याबद्दल मात्र मला शंका आहे.

एकत्रीकरणानंतरही आजचे सिनेमे क्वचित जिंकले. ‘ऑल दॅट जॅझ’ जिंकला, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ जिंकला. पण एकात नाचाचे कार्यक्रम, दुसऱ्यात ड्रॅग कलाकारांची, म्हणजे बायकांच्या वेशात कार्यक्रम करणाऱ्यांची, पिसं आणि चपला जोडून केलेला झगा. म्हणजे काळ आजचा, कपडे रंगमंचाचेच.

अमेरिकेतल्या वेशभूषाकारांच्या संघटनेने यावर सरळ तोड काढली आहे. त्यांच्या पुरस्कारांत आजचे, जुन्या काळातले आणि विज्ञान-कल्पनेतले सिनेमे वेगवेगळे मोजतात. अकादमीनेही निदान दोन भाग पुन्हा करावेत असं मला वाटतं. करतील असं वाटत नाही, कारण सोहळा आधीच लांबतो म्हणून ओरड असते. तोवर निकालापेक्षा नामांकनांची यादी वाचा. त्या पाच नावांत एखादा साध्या कपड्यांचा सिनेमा दिसला, तर तो आमच्याच लोकांनी ओळखून तिथे बसवलेला असतो.