तुम्ही विचारलंत म्हणून: आयटीआय करू की सरळ गॅरेजला लागू?

गावी गेलो की हा प्रश्न ठरलेला. पोरगा दहावी झालाय, ट्रक-बसच्या कामाची आवड आहे, मग आयटीआयला मेकॅनिक डिझेलला घालू की हायवेवरच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली लावू, वर्ष कशाला वाया घालवायचं. मी आयटीआय करून एसटी डेपोत अप्रेंटिसशिप केलीये, आता ट्रकच्या वर्कशॉपला आहे, म्हणजे माझं मत एका बाजूचं असणार हे धरून चाला.

आयटीआयचं ते वर्ष निम्मं कंटाळवाणंच जातं. कानशीनं लोखंड घासत फाईलिंग करा, मापाचं व्हर्नियर वाचा, स्टँडवरचं तेच इंजिन खोला आणि जोडा. याचा पुढं काय उपयोग, असंच वाटत राहतं.

उपयोग डेपोत कळतो. पहाटेची गाडी, रात्रभरात ब्रेकच्या टाकीतली हवा उतरलेली, ड्रायव्हर ओरडतोय मागची चाकं जाम आहेत म्हणून. नुसतं बघून शिकलेला पोरगा पहिला चाकाला हात घालतो, ब्रेकचं लायनर चिकटलं असणार म्हणून. आता पायाचा ब्रेक हवेनं लागतो हे खरं, पण पार्किंगचा ब्रेक मागच्या चाकांजवळच्या ब्रेक चेंबरमधली (बंद डब्यातली) स्प्रिंग लावते आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते, म्हणजे हवा गेली की ब्रेक आपोआप लागणार. म्हणून आधी गेज बघायचा, इंजिन चालू ठेवून हवा भरू द्यायची, नाहीच भरली तर साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट तपासत जायचं, बुडबुडे आले की लीक सापडला. आणि त्या चेंबरच्या स्प्रिंगला इतका जोर असतो की ती बोल्टनं आवळून न धरता क्लॅम्प खोलला तर झाकण उडून माणूस जागेवर जाईल. हे ‘करता करता शिकू’वालं काम नाही दादा.

बाकी हात मात्र डेपोतच बसतो. गंजलेला नट अजून ताणायचा की गॅसनं तापवायचा हे पानाच सांगतो, आणि घोडी (खालचा लोखंडी टेकू) न लावता नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरलेल्या पोराला सीनियर मेकॅनिक पाय धरून बाहेर ओढतो, वर शिव्या घालतो, ते सगळ्या बॅचच्या लक्षात राहतं.

त्यात एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला. धुरात युरियाचं पाणी फवारलं जातं, त्यात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी, आणि कुणी पैसे वाचवायला भलतंच काही ओतलं तर सेन्सर बोंबलतो आणि गाडीची ओढ कमी होते. तिथं कान लावून भागत नाही, स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो.

अजून एक, अप्रेंटिस लागला म्हणजे एसटीत लागला असं समजून पेढे वाटू नका. स्टायपेंड मिळतो, त्यात घर चालत नाही, आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात पुढं नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. मिळतं ते सर्टिफिकेट आणि हातातलं काम.

आणि आयटीआय निवडताना नुसती बिल्डिंग बघून येऊ नका काका. कामाच्या दिवशी दुपारी जा, वर्कशॉपमधलं इंजिन सुरू करून दाखवा म्हणा आणि पोरांच्या नखात काळं आहे का बघा. नसेल तर दुसरं आयटीआय शोधा.